आवाज कुठून आला?

भीमा आणि घोड नद्यांच्या पट्ट्यात थ्री फेज लाईट रात्रीची असली, की उसाला दारं धरायला रात्रीच जावं लागतं. तेव्हा माणूस डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबतो. पाटाचं पाणी वाहत असतं, रातकिड्यांची किरकिर चालू असते आणि मध्येच पाचट वाजतं. वाजलं एवढं कळून भागत नाही. कुठल्या अंगाला वाजलं ते कळायला हवं. शिरूर-दौंडच्या उसात बिबट्यांनी घर केल्यापासून तर फारच.

आपले दोन कान जेमतेम वीतभर अंतरावर. आवाज एका कानाला आधी लागतो, दुसऱ्याला किंचित उशिरा. बऱ्याच अंशी त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. पण ज्या जिवाचे कान अर्ध्या मिलिमीटरवर आहेत, त्याने काय करावं?

असाच एक जीव म्हणजे अमेरिकेतली ऑर्मिया ओक्रेशिया ही माशी. ती रातकिड्याच्या अंगावर अळ्या सोडते आणि त्या त्याला आतून खातात. गाणारा नर ती अंधारात नुसत्या आवाजावरून गाठते. हवाईतल्या कौआई बेटावर तर गाणारे मरत गेले, पंख सपाट असलेले मुके नर तेवढे वाचले आणि वीसेक पिढ्यांत बेटावर बहुतेक मुकेच उरले. इतका अचूक तिचा कान! आवाज तिच्या दोन कानांना लागतो त्या वेळेत फरक पडतो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम दीडपट. १९९५ साली रोनाल्ड माइल्स, डॅनियल रॉबर्ट आणि रोनाल्ड हॉय यांनी याचं मर्म दाखवलं: तिच्या कानांचे दोन्ही पडदे मधल्या एका दांडीने जोडलेले आहेत. तराजूसारखे ते एकमेकांना हलवतात, आणि तो इवला फरक कित्येक पटींनी वाढतो. मला हे विलक्षण सुंदर वाटतं. कान जवळ असण्याची उणीव तिने त्यांना एकमेकांशी बांधून भरून काढली.

माइल्स यांनी पुढे सिलिकॉनचा असाच डोलणारा पडदा असलेले मायक्रोफोन घडवले. ओढ होती श्रवणयंत्राची. एवढ्याशा यंत्रात दोन साधे मायक्रोफोन शेजारी बसवले, तर दोघांतला फरक त्यांच्या स्वतःच्याच खरखरीत बुडू लागतो.

शिरूरच्या आमच्या आत्यांनी यंत्र लावलं तेव्हा कुकर, टीव्ही, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, नातवाची हाक, सगळंच सारखं मोठं झालं. तासाभरात त्या ते काढून उशाशी ठेवत. त्यांना आवाज वाढवून नको आहे. लग्नाच्या मांडवात, बँड वाजत असताना, शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीचं बोलणं तेवढं त्यांना ऐकायचं आहे.