पाइपातला वारा

नळाची फुसफुस ओळखता येत नाही असा माणूस बेळगावात विरळाच. पाणी सुटायच्या आधी नळातून वारा येतो, तोटी खाकरते, दोन-चार पिचकाऱ्या मारते आणि मग धार लागते. तो आवाज ऐकला की शेजारच्या अज्जी "नीर बंतु!" म्हणून ओरडतात आणि गल्लीतल्या घागरी हलू लागतात. पाइपात वारा म्हणजे पाणी नाही, हे आपले लहानपणापासूनचे गणित. याच्या अगदी उलटे काम मी पाहिले ते 2023 च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, माझ्या अक्काच्या परसात. तिथे पाइपातले पाणी मुद्दाम हाकलून देतात, त्या जागी वारा भरतात आणि तो उन्हाळ्यापर्यंत कोंडून ठेवतात.

अक्का डेट्रॉइटजवळच्या एका लहान गावात राहते. दाजी मूळचे धारवाडकडचे, घरात कानडी. अक्का आमची, मराठी. अशी घरे आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे त्याचे कुणाला नवल नाही. त्यांची मुलगी बापाशी कानडीत आणि आईशी मराठीत बोलत वाढली. दोन्ही भाषा तिला बोलता येतात, वाचता मात्र एकही येत नाही.

घर घेतले तेव्हा पोहण्याचा तलाव घराबरोबरच आला होता. सोळा फूट रुंद, बत्तीस फूट लांब, सुमारे सत्तर हजार लिटर पाणी. दाजी त्याला कधी पूल म्हणालेच नाहीत, "बावि" म्हणायचे. पाठीला वाळका भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला माणूस तो, दुसरे काय म्हणणार! मे 2023 मध्ये दाजी गेले. दसऱ्याच्या सुट्टीला रजा जोडून मी अक्काकडे गेलो, तेव्हा तलाव तसाच उघडा होता. पाण्यावर मेपलची लाल पाने तरंगत होती.

दरवर्षी हिवाळ्याआधी तलाव बंद करायचे काम दाजी स्वतः करीत. यंदा अक्काने एका कंपनीला फोन केला. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आमच्याकडे जागा नाही, असे उत्तर आले. इकडे रात्रीचा पारा शून्याखाली जाण्याचा अंदाज टीव्हीवर दाखवत होते. अक्का म्हणाली, "ह्या वर्षी मातीच भरून टाकूया की. दरवर्षी कोण करत बसणार हे?" भाची काही बोलली नाही. भरलेली विहीर बुजवू नये असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणतात, ते मला आठवले. पण घर तिचे, दुःख तिचे. मीही गप्प राहिलो.

थंडीत नेमके काय बिघडते, हे आपल्याला समजायला जरा वेळ लागतो. आपल्याकडे डिसेंबरात पारा बाराच्या आसपास आला की आपण कानाला मफलर गुंडाळतो. तिथे जमीनच गोठते. ती इतकी खोल गोठते की घराचा पाया साडेतीन फूट खाली न्यावा लागतो. तलावाचे पाइप बरेचदा त्याहून वर, दीड-दोन फुटांवरच असतात. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एकशे नऊ लिटरची जागा लागते. उघड्या तलावात ते वर फुगायला मोकळे असते. पाइपात बर्फाचा बोळा बसला की त्याच्या आणि बंद टोकाच्या मध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि पाइप फाटतो. हे सगळे जमिनीखाली, गुपचूप होते. कळते ते मे महिन्यात, पंप सुरू केल्यावर. मग भोवतालची फरशी फोडून खणत बसायचे.

मी भाचीला विचारले, मग सगळा तलावच का रिकामा करत नाहीत? पाणी नको तर सगळेच काढा! ती म्हणाली, तसे केले तर भिंती आत येतात. बाहेरची ओली माती आणि जमिनीतले पाणी भिंतींना ढकलत असते, आतले पाणी त्यांना थोपवून धरते. काँक्रीटचा रिकामा तलाव तर जमिनीतल्या पाण्यामुळे होडीसारखा वर उचलला गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून तलाव भरलेला ठेवायचा, पाण्याची पातळी थोडी उतरवायची आणि फक्त पाइप कोरडे करायचे.

यंत्रे तिला माहीत होती. कुठली चावी कधी फिरवायची, हे मात्र बापाच्या डोक्यात होते. आणि एका वहीत. काळ्या पुठ्ठ्याची ही वही गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली होती. 2009 पासून 2022 पर्यंत दर ऑक्टोबरची नोंद होती तिच्यात, आणि सगळी कानडीत. भाचीला तिच्यातले एक अक्षर लागेना. अक्काला कानडी वाचता येते, पण तिने वही हातात घेतली आणि पहिल्या पानावरच मिटली. राहिलो मी. मराठीचा मास्तर असलो तरी शाळेत कानडी घेतलेली, बसच्या पाट्या वाचत मोठा झालेलो. शनिवारी सकाळी स्वेटरावर स्वेटर चढवून मी पंपाजवळ खुर्ची टाकली. मी वाचायचे, तिने करायचे, असे ठरले.

पहिल्याच पानावर ठळक लिहिले होते, "गाळि जास्ति, ओत्तड कम्मि." वारा जास्त, दाब कमी. याची फोड भाचीनेच केली. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर दाब मोठा देतो, पण वारा थोडा. त्या दाबाने जोड उखडू शकतात आणि पाणी मात्र तळाशी बसून राहते. याला हवा ब्लोअर, मोठ्या व्हॅक्यूम क्लिनरला उलटे लावल्यासारखा. तो पाण्याला ढकलत ढकलत पुढे नेतो. 2011 च्या नोंदीत एक ओळ होती की मागच्या वर्षी घाई केली, पाइप फाटला. पुढे खर्चाचा आकडा होता आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

ब्लोअर पंपाच्या जोडावर बसवला. मधली वाळूची गाळणी टाळून वारा सरळ जावा म्हणून चावी फिरवली. तलावाच्या भिंतीत पाणी परत सोडणारी तीन तोंडे आहेत. पाणी त्यांच्या खाली उतरवलेले होते. सगळ्यात जवळचे तोंड आधी खाकरले, अगदी आपल्या नळासारखे, मग भसाभस पाणी, मग पिचकाऱ्या, मग नुसते धुके. धुके दिसले तरी थांबू नका, दोन मिनिटे जाऊ द्या, अशी वहीची आज्ञा. मग रबरी बूच बसवून आवळायचे. जवळचे बंद झाले की वारा दुसऱ्याकडे जातो, तिथून तिसऱ्याकडे. पंगतीत वाढप्या पुढे सरकतो तसे. भाचीची बोटे गारठून लाल झाली होती.

पाने ओढून घेणारी भिंतीतली पेटी असते, तिला स्किमर म्हणतात. तिचा पाइप उलटा फुंकून बूच लावले आणि पेटीत एक रिकामी प्लास्टिकची बाटली उभी केली. बर्फ फुगला तर बाटली चेपेल, पेटी वाचेल. दोन डॉलरची पेटी नव्हे ती! उरलेल्या थेंबांसाठी पाइपात गुलाबी द्रव ओतायचा असतो, प्रॉपिलीन ग्लायकॉलचा. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तो इथे चालत नाही, त्यातले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते. दाजींनी हे लाल शाईत लिहिले होते.

तळाचा पाइप सगळ्यात शेवटी. तो पाण्याच्या खाली आठ फुटांवर उघडतो, त्याला बूच लावणार कोण? वहीत एवढेच होते, "गुळ्ळे बंद्रे साकु, व्हॉल्व बंद माडु." बुडबुडे आले की पुरे, व्हॉल्व बंद कर. वरून वारा दाबत न्यायचा. तो तळातून बाहेर पडू लागला की ब्लोअर चालू असतानाच व्हॉल्व बंद करायचा. वाऱ्याला मागे जायला वाट नाही, पाण्याला वर चढायला जागा नाही. तांब्या उपडा धरून बादलीत दाबला तर आत पाणी शिरत नाही, तोच हिशेब.

पण बुडबुडे पंपाजवळून दिसत नाहीत. कुणीतरी पलीकडच्या खोल टोकाला उभे राहून सांगावे लागते. वहीत त्याचा उल्लेख नव्हता. भाची माझ्याकडे पाहू लागली, तेवढ्यात अक्का पायरीवरून उठली. शाल सावरत, काही न बोलता खोल टोकाशी जाऊन उभी राहिली. चौदा वर्षे तेच तिचे काम होते, हे आम्हा दोघांना तेव्हा कळले. ब्लोअर घुमत होता. बराच वेळ काही नाही. मग तळातून पाणी ढवळल्यासारखे झाले, आणि अक्का कानडीत ओरडली, "बंतु! बंद माडु!" भाचीने व्हॉल्व फिरवला. अक्का तिथेच उभी राहिली, बुडबुडे पूर्ण विरेपर्यंत.

पंपाची दोन बुचे काढून त्याच्याच टोपलीत ठेवली, म्हणजे हरवत नाहीत. गाळणी आणि हीटरमधले पाणी सोडले. संध्याकाळी आच्छादन ताणून बसवले. तिसऱ्या रात्री पहिले दव गोठले.

मे 2024 मध्ये भाचीचा फोन आला. बाटली चपटी झाली होती, पेटी शाबूत होती. पंप सुरू केला, दाबाचा काटा स्थिर राहिला, जमीन कुठे ओली नाही. मातीने भरून देणाऱ्याचे खर्चाचे पत्रक अक्काच्या ड्रॉवरमध्ये आहे. तिने ते फाडलेलेही नाही आणि त्याला होही म्हटलेले नाही. पुढच्या ऑक्टोबरात त्या दोघींनीच तलाव बंद केला. रात्री भाचीने विचारले, "मामा, 'गुळ्ळे' कानडीत कसं लिहायचं? नोंद करायचीय." ळच्या खाली दुसरा ळ कसा जोडायचा ते मी कागदावर मोठे काढले आणि फोटो पाठवून दिला.