पॅनेलचा दरवाजा

आमच्या नातेवाइकांत माझ्या कामाबद्दल एक समज पसरलेला आहे. मामी सगळ्यांना सांगते, "हा लोखंडी कपाटांना एसी बसवतो." सुरुवातीला मी समजावून सांगायचो, आता सोडून दिलंय. कारण तिचं फारसं चुकत नाही. मोटरचा वेग कमी-जास्त करणारं जे इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं त्याला ड्राइव्ह म्हणतात. ते पत्र्याच्या पॅनेलमध्ये बसतं, चालताना तापतं, आणि ती उष्णता बाहेर कशी काढायची हे कुणीतरी ठरवावं लागतं. तो कुणीतरी बरेचदा मी असतो.

काही वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून बोलावणं आलं. तक्रार अशी की मार्चपासून बॉयलरच्या आयडी फॅनचा ड्राइव्ह दुपारी बंद पडतो. आयडी फॅन म्हणजे भट्टीतला धूर ओढून चिमणीकडे ढकलणारा मोठा पंखा. तो थांबला की भट्टीचा ओढा जातो, वाफ पडते, आणि वाफ पडली की मिल थांबते. मिल थांबली की बाहेर गव्हाणीपासून पार रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं. काट्यावर घटलेलं वजन शेतकऱ्याच्या बिलातून जातं, आणि बीडकडून आलेल्या तोडणी कामगारांना मजुरी टनावर, म्हणजे त्यांच्याही. पत्र्याच्या एका कपाटातल्या आठ-दहा अंशांची किंमत अशी लांबवर जाऊन पोचते.

मी गेलो तेव्हा पॅनेलचे दोन्ही दरवाजे सताड उघडे, समोर एक पेडेस्टल पंखा, आणि शेजारी खुर्ची टाकून ऑपरेटर पोरगा बसलेला. विशीतला असेल. "सर, दार लावलं की ट्रिप होतंय बघा," तो म्हणाला. त्याचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. पण त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर ४१५ व्होल्टच्या उघड्या बसबार होत्या. ड्राइव्हच्या आत तर डीसी दाब ५८० व्होल्टच्या आसपास असतो, आणि वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही मिनिटं टिकून राहतो. त्यात पंखा वाऱ्याबरोबर बगॅसची बारीक भुकटी थेट त्या तारांवर उडवत होता. मला ड्राइव्हपेक्षा त्या पोराची काळजी जास्त वाटली.

आता थोडा हिशेब (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून पुढे जा, मंडळी). ड्राइव्ह ९० किलोवॅटचा. आत येणाऱ्या विजेतले साधारण ३ टक्के उष्णतेत जातात, म्हणजे २.७ किलोवॅट. पावणेतीन इस्त्र्या कपाटात चालू ठेवल्या असं समजा. पॅनेल ८०० मिलिमीटर रुंद, ६०० खोल, २ मीटर उंच. पत्र्यातून आपोआप किती उष्णता जाते? आतबाहेरच्या तापमानात १० अंशांचा फरक असेल तर जेमतेम २८० वॅट. म्हणजे नुसतं बंद करून ठेवणं शक्यच नाही. बाहेर ४२ अंश आणि आत ५० पर्यंत चालवून घ्यायचं म्हटलं, तर पंख्याने तासाला हजारएक घनमीटर हवा त्यातून न्यावी लागते. कपाटाचं आकारमान एक घनमीटरही नाही. म्हणजे आतली सगळी हवा तासाला हजार वेळा बदलायची!

आणि इथेच कागदावरचा हिशेब फसतो. फिल्टर आणि पंखा ही सगळ्यात स्वस्त पद्धत, एखाद्या स्वच्छ कारखान्यात मी डोळे मिटून तीच देईन. पण साखर कारखान्याच्या हवेत बगॅस असतं. हलकं, तंतुमय, आणि वाफेमुळे किंचित ओलसर. फिल्टरची चटई स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या जाळीसारखी आठवड्यात बुजते. हवा निम्मी झाली की आतबाहेरचा फरक ८ वरून १६ अंश होतो. कपॅसिटरचं आयुष्य तर ढोबळमानाने दर १० अंशांना निम्मं होतं. वर आणखी एक गोष्ट: रस स्वच्छ करायला गंधक जाळतात, त्याचा वायू ओलाव्याबरोबर तांब्याला आणि सर्किट बोर्डांना खातो. त्याला कुठली चटई अडवणार?

हवा-ते-हवा हीट एक्स्चेंजर आतली आणि बाहेरची हवा वेगळी ठेवतो, म्हणून मला तो आवडतो. पण तो आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खाली आणूच शकत नाही. ८ अंशांच्या फरकावर २.७ किलोवॅट काढायला तो कपाटाएवढाच मोठा लागला असता. पाण्यावर चालणारा एक्स्चेंजर? कारखान्यात पाण्याला तोटा नाही, पण ते गरम आणि क्षाराचं, आणि विजेच्या पॅनेलमध्ये पाण्याचा पाइप म्हटलं की मेंटेनन्सवाले हात जोडतात. ड्राइव्हचा हीटसिंक मागच्या बाजूने पॅनेलबाहेर काढला तर बहुतांश उष्णता परस्पर बाहेर जाते. उत्तम पद्धत, पण इथे त्या फिनांमध्ये बगॅसच भरलं असतं.

राहिला पॅनेलच्या दारावर बसणारा एसी. पाऊण टनाच्या आसपासचा पुरला असता. चीफ इंजिनिअर साहेबांचं मतही तेच होतं. मी त्यांना दोनच प्रश्न विचारले. याचा कंडेन्सर दर आठवड्याला कोण साफ करणार? आणि हंगामात रात्री दोन वाजता हा बंद पडला तर दुरुस्तीला कोण येणार? साहेब जरा वेळ गप्प बसले. मग हसले आणि म्हणाले, "दार उघडून पंखा लावू!"

असो. शेवटी आम्ही कपाट गार करायचा नादच सोडला. सगळे सहा ड्राइव्ह उचलून एका बंद खोलीत नेले. एकूण उष्णता ११ किलोवॅट, म्हणजे तीन टनांहून थोडी जास्त. छपराची आणि माणसांची धरून चार. दोन टनांचे तीन साधे स्प्लिट एसी लावले, दोन चालू आणि एक राखीव, आळीपाळीने. बाहेरची युनिट्स बगॅसच्या ढिगाच्या उलट बाजूला. आणि फिल्टरमधून थोडी ताजी हवा दाबाने आत सोडायची, म्हणजे फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. यात नवं काहीच नाही. पैसे दाराच्या एसीपेक्षा जास्त लागले, केबल लांबल्या, आणि संचालकांच्या बैठकीत "मशिनला एसी, आणि आम्ही पंख्याखाली" असा टोमणाही ऐकावा लागला. पण असा स्प्लिट एसी तालुक्याच्या गावातला कोणताही मेकॅनिक दुरुस्त करतो, हे माझ्या लेखी सगळ्यात मोठं कलम होतं.

एका गोष्टीवर मात्र मला भांडावं लागलं. खोलीचं तापमान २८ ठेवा म्हटलं तर लोक १८ लावत. इतक्या गार पॅनेलवर बाहेरची दमट, वाफेची हवा आली की दव धरतं, आणि दव हे धुळीपेक्षा वाईट. शेवटी रिमोट साहेबांच्या कपाटात कुलूपबंद झाला.

त्या पोराचा अजून अधूनमधून फोन येतो. आता तो शिफ्टचा इलेक्ट्रिशियन आहे. मागच्या एप्रिलमध्ये म्हणत होता, "सर, बाहेर चव्वेचाळीस हाय, आत अठ्ठावीस. समदे जेवणाचा डबा घेऊन पॅनेल रूममध्येच येत्यात. काय करू?" मी म्हटलं, येऊ देत, फक्त पॅनेलची दारं आणि खोलीचं दार, दोन्ही लावलेली ठेव.