खिडकीपलीकडचे कोणी

मराठीत कचेरी ओळखली जाते ती खिडकीवरून. तिकिटाची खिडकी, पैसे भरण्याची खिडकी, वीजबिलाची खिडकी. कारभार सुलभ केला आहे हे शासनाला सांगायचे झाले तरी त्याला ‘एक खिडकी योजना’ हाच शब्द सुचतो. या खिडक्यांशी आपला व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या कमरेत वाकून होत आला. काचेतल्या अर्धवर्तुळाकार फटीतून कागद आत सरकवायचा आणि पलीकडच्या माणसाच्या मुद्रेवरून आपल्या कामाचे भवितव्य ताडायचे. मुद्रा दिसली नाही तर निदान हात दिसत. शिक्का उचलणारा हात आणि कागद परत ढकलणारा हात यांतला फरक निरक्षर माणसालाही वाचता येत असे.

आता संकेतस्थळाच्या खालच्या कोपऱ्यात एक गोल चिन्ह असते. त्यावर टिचकी मारली की चौकट उघडते आणि आत अक्षरे उमटतात : ‘नमस्कार! मी आपली काय मदत करू शकते?’ शब्द सगळे मराठी, पण वाक्य मराठी नाही. आपल्याकडे खिडकीतला माणूस फार तर ‘बोला’ म्हणतो, आणि त्या दोन अक्षरांत उपकाराची भाषा नसते. असो. भाषांतरित सौजन्याबद्दल तक्रार करणे हा माझ्या व्यवसायाचा दोष आहे. या चौकटीतल्या देवघेवीला तिचे निर्माते ‘संवाद’ म्हणतात. तो शब्द मान्य करायचा तर कोणत्याही भेटीला विचारतो ते दोन प्रश्न याही भेटीला विचारले पाहिजेत : कोण कोणाला पाहतो, आणि कोण कोणासाठी थांबतो?

प्रथम थांबण्याविषयी. संगणकाच्या पडद्यावर समोरासमोर बोलण्यासाठी पूर्वी वेगळी आज्ञावली उतरवून घ्यावी लागे. गूगलने २०११ मध्ये वेबआरटीसी हे तंत्र सर्वांसाठी खुले केले, हळूहळू सर्व प्रमुख ब्राउझरांनी ते स्वीकारले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे एखादी बँक, रुग्णालय किंवा विमा कंपनी आपल्याच पानावर दृक्‌श्राव्य भेटीची सोय करू शकते. ग्राहकाने कॅमेरा आणि ध्वनिग्राहक वापरण्याची अनुमती दिली की पुरे. या तंत्रातली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. लिखित निरोप पाठवताना त्याचा प्रत्येक तुकडा क्रमाने पोचेल याची काळजी घेतली जाते. वाटेत काही हरवले तर ते पुन्हा मागवले जाते. चित्र आणि आवाज यांच्या बाबतीत मात्र उशिरा येणाऱ्या तुकड्याची फार वाट पाहिली जात नाही. गेला तो गेला, बोलणे पुढे चालू. पत्र आणि बोलणे यांच्या स्वभावातला हा भेद आपण साहित्याच्या तासाला शिकवतो. तो अभियंत्यांनाही आपल्या वाटेने सापडलेला आहे.

हे करावे लागते, कारण माणसाचे कान फार हळवे असतात. दहा भाषांतील संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचेच अंतर असते, असे त्यात आढळले. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतही आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचण्यास शक्यतो १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये असे म्हटले आहे. तालुक्याच्या गावातल्या दुबळ्या जोडणीवर हा अवधी सहज ओलांडला जातो. मग विलंब तारेचा असतो आणि वाटतो माणसाचा. उत्तर देणारा चाचरतो आहे, आठवून सांगतो आहे, कदाचित काही लपवतो आहे, असा भास होतो. जेथे ओळख पटवण्यासाठीच प्रश्न विचारले जात असतील तेथे हा भास निरुपद्रवी राहत नाही.

लेखी गप्पांच्या चौकटीत विलंबालाही चेहरा दिला आहे. पलीकडे कोणी लिहू लागले की तीन ठिपके हलतात. आता पुष्कळ ठिकाणी पहिली उत्तरे यंत्रच देते. यंत्राला विचार करायला वेळ लागत नाही, म्हणून काही प्रणालींत मुद्दाम थोडे थांबून, ते ठिपके हलवून मग उत्तर दाखवतात. हा लहानसा अभिनय मी समजू शकतो. समजू शकत नाही ती दुसरी सोय. ग्राहक-साहाय्याच्या काही प्रणालींमध्ये ग्राहक जे टंकतो ते त्याने पाठवण्यापूर्वीच साहाय्यकाला दिसते. हेतू सांगितला जातो तो कार्यक्षमतेचा : प्रश्न आधी कळला तर उत्तर लवकर तयार होते. पण रागाने ‘तुम्ही लोक चोर आहात’ असे लिहून, मग जरा थांबून, ते पुसून ‘कृपया माझी रक्कम परत मिळावी’ असे लिहिणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याने खोडलेले वाक्य पलीकडे वाचले गेलेले असते. ज्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना ‘आधी कच्चे लिहा, मग पक्के करा’ असे सांगितले, त्याला हे फार खोलवर खुपते. कच्चा खर्डा ही लिहिणाऱ्याची खासगी जागा आहे. सभ्यता माणसात उपजत नसते, ती खोडण्यातून येते, आणि तिचे श्रेय खोडणाऱ्याला मिळायला हवे. पलीकडच्या साहाय्यकाचीही यात दया येते. एकाच वेळी तीन-चार चौकटी सांभाळणाऱ्या त्या मुलाला किंवा मुलीला न पाठवलेल्या शिव्याही वाचाव्या लागतात.

आता पाहण्याविषयी. ॲमेझॉनने २०१३ मध्ये आपल्या किंडल फायर एचडीएक्स या टॅब्लेटमध्ये ‘मेडे’ नावाची कळ दिली होती. ती दाबली की पडद्याच्या कोपऱ्यात साहाय्यक सदेह प्रकट होई, ग्राहकाच्या पडद्यावर खुणा करून काय दाबायचे ते दाखवी. तो ग्राहकाचा पडदा पाहू शके, पण ग्राहकाला पाहू शकत नसे. २०१८ मध्ये ही दृक्‌श्राव्य सोय बंद झाली. तिच्यातली मांडणी मला आजही विचार करण्याजोगी वाटते. अडलेला माणूस घरच्या कपड्यांत, विस्कटलेल्या केसांनी मदत मागू शकत होता. चेहरा दाखवण्याचे काम ज्याला त्याबद्दल वेतन मिळते त्याचे होते.

आपल्याकडे हे चित्र नेमके उलटे झाले. रिझर्व्ह बँकेने ९ जानेवारी २०२० रोजी दृक्‌श्राव्य भेटीतून ग्राहकाची ओळख पटवण्यास मान्यता दिली. पुढे टाळेबंदी आली आणि या सोयीचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नाही. बँकेचा अधिकृत अधिकारी समोर हवा, ग्राहक भारतातच आहे याची स्थाननोंद हवी, पॅनकार्ड कॅमेऱ्यासमोर धरायचे, प्रश्नांचा क्रम बदलता ठेवायचा म्हणजे आधी मुद्रित केलेले उत्तर चालणार नाही, आणि सगळ्याचे मुद्रण जपून ठेवायचे. फसवणुकीचे प्रकार पाहता यातले काहीही अनाठायी नाही. मात्र या नियमांत आणखी एक कलम आहे : ग्राहकाच्या बाजूने कोणी उत्तरे सुचवत असल्याचे आढळल्यास खाते उघडण्याची प्रक्रियाच फेटाळावी. मूळ इंग्रजीत शब्द आहे तो ‘प्रॉम्प्टिंग’. मराठी नाटकवाल्यांना तो परका नाही. विंगेत वही घेऊन बसलेल्या प्रॉम्प्टरच्या भरवशावर आपल्याकडे कितीतरी प्रयोग उभे राहिले.

माझ्या आत्याने २०२२ मध्ये अशा भेटीतून एक खाते उघडले. वय चौऱ्याहत्तर, एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, गुडघे जिन्याला नकार देणारे. बँकेची शाखा पहिल्या मजल्यावर. तिच्या पिढीतल्या स्त्रियांनी कचेरीत एकटीने पाऊल टाकले ते क्वचितच. बरोबर भाऊ, मुलगा, भाचा असे कोणीतरी असायचेच, आणि ते परावलंबन आहे असे कोणालाही वाटत नसे. मी तिला खुर्चीत बसवले, प्रकाश तोंडावर घेतला आणि कलमाचा मान राखून दाराआड उभा राहिलो. पलीकडे एक तरुण होता, हिंदीत बोलणारा. आत्याने कार्ड धरले ते नेमके स्वतःच्या चेहऱ्यासमोर. ते बाजूला घेतल्यावर त्याने जन्मतारीख विचारली.

“खरी सांगू, की शाळेतली?” आत्याने मराठीतच विचारले.

तिच्या पिढीतल्या कोणालाही हा प्रश्न समजेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी तारीख टाकलेली असे. एकेका वर्गात अर्धी मुले त्याच दिवशी जन्मलेली सापडत. आत्या जन्मली नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, आणि तिच्या सर्व कागदपत्रांवर १ जून आहे. ‘शाळेतली!’ हा एक शब्द माझ्या ओठांवर होता आणि तो उच्चारणे हा नियमभंग ठरला असता. क्षणभर शांतता. ती जोडणीची होती की संशयाची, हे दाराआडून कळायला मार्ग नव्हता. मग तो तरुण हसल्याचे ऐकू आले. “जो कार्ड पर है, वह बताइए, माँजी.” आत्याने १ जून सांगितली आणि वर त्याला विचारले, “तुमचं जेवण झालं का?” त्यालाही तो मराठी प्रश्न कळला असावा, कारण “अभी नहीं” असे उत्तर आले.

अशी खाती समवर्ती लेखापरीक्षणानंतरच कार्यान्वित करावीत असाही नियम आहे. म्हणजे कोणा लेखापरीक्षकाने ती जेवणाची विचारपूस नियमाला धरून तपासली असेल. खाते सुरू झाले. त्या तरुणाच्या जागी उत्तर केवळ जुळवून पाहणारे यंत्र असते तर काय झाले असते, ते सांगण्यासाठी कल्पनाशक्ती लागत नाही.

चेहरा दाखवणे ज्यांना शक्य नाही किंवा सोपे नाही, त्यांचा प्रश्न आत्यापेक्षा कितीतरी कठोर आहे. ‘जिवंत’ असल्याचा पुरावा म्हणून डोळ्यांची उघडझाप मागणाऱ्या प्रणालींपुढे ॲसिडहल्ल्यात पापण्या गमावलेल्या स्त्रीने काय करायचे? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या पीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी, प्रज्ञा प्रसून यांच्या आणि एका दृष्टिबाधित याचिकाकर्त्याच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. उघडझापेखेरीज अन्य मार्ग असावेत, कागदी प्रक्रिया चालू राहावी, फेटाळलेल्या अर्जांचा माणसाकडून फेरविचार व्हावा, असे त्यांत आहे. दिव्यांग व्यक्तींना ही प्रक्रिया आवाजाच्या किंवा दृक्‌श्राव्य साहाय्याने टप्प्याटप्प्याने पार पाडता यावी यासाठी स्वतंत्र मदतवाहिन्या उभाराव्यात, असाही एक निर्देश आहे. म्हणजे एका कलमाने दाराआड उभा केलेला प्रॉम्प्टर दुसऱ्या वाटेने पुन्हा विंगेत येऊ शकतो, या वेळी बँकेच्या पगारावर. त्याला मराठी येत असावे, आणि १ जूनची गोष्ट त्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवावी.