कागदावरचा घनमीटर, रस्त्यावरचा टन

सिमेंटची गाडी रस्त्यावर चालवायची असते. लाकडाची गाडी मात्र भरतानाच निम्मी चालवून झालेली असते. आलापल्लीहून बल्लारशाला सागवान नेणाऱ्या कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला विचारा, तो हेच सांगेल. पोतं ठेवलं तिथे बसतं. गोल लाकूड बसत नाही. त्याला टेकवून, अडवून, आवळून थांबवावं लागतं आणि गाडी कलली की ते पुन्हा घरंगळायला तयार असतं. माझी सगळी उमर या कामात गेली. म्हणून त्यातली एक गोष्ट नीट मांडावी असं वाटतं. ती आहे लाकडाच्या वजनाची, आणि ते वजन शेवटी कोणाच्या माथी येतं त्याची.

आमचा मुलूख म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचा दक्षिण भाग : अहेरी, आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा. इथला साग इंग्रजांच्या काळापासून नावाजलेला. तो मुळात कसा होता हे बघायचं असेल तर भामरागडच्या रस्त्यावर आलापल्लीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' नावाचा सहा हेक्टरांचा जुना तुकडा राखून ठेवला आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या झाडांना कोणी हात लावत नाही. आमचा माल येतो तो तोडीसाठी आखून दिलेल्या कूपांतून. पाऊस ओसरला, वाटा वाळल्या की कूप सुरू होतात. झाड पडतं, फांद्या छाटतात, नग कापतात आणि बैलांच्या बळावर ते मोटाररस्त्यापर्यंत ओढून आणतात. कमलापूरच्या कॅम्पमधल्या सरकारी हत्तींच्या आधीच्या पिढ्यांनी हेच काम केलं. मृग लागायच्या आत सगळा माल जंगलाबाहेर निघाला पाहिजे. एकदा पाणी पडलं की कूपातली वाट चिखल होते आणि भरलेली गाडी आसापर्यंत रुतते.

आता भरणी. गाडीच्या दोन्ही बाजूंना उभे खुंटे असतात. त्यांच्या आधाराने माल रचला जातो. पूर्वी गाडीला तिरप्या बल्ल्या टेकवून, दोर लावून, दहा-बारा माणसं एका सुरात हाक देत नग वर चढवायची. गोंड आणि माडिया मजुरांचं हे कसब बघत राहावं असं होतं. सब्बल नेमकी कुठे घालायची, नग अर्ध्यावर असताना कोणी दोर धरायचा आणि कोणी सोडायचा, हे कोणी बोलून सांगत नसे. आता बहुतेक डेपोंवर क्रेन येते, कूपात मात्र अजूनही माणसांच्या हातांवर काम निघतं. क्रेनने वेळ वाचला आणि चिरडण्याचे प्रकार कमी झाले, ही मोठी गोष्ट आहे. पण क्रेन नग उचलून ठेवते, बसवत नाही. बसवायला माणूसच लागतो.

तळाला जाड, सरळ नग घ्यायचे. बुंध्याची बाजू एकदा पुढे, एकदा मागे, म्हणजे निमुळतेपणाचा तोल साधतो. प्रत्येक वरचा नग खालच्या दोघांच्या खोबणीत बसला पाहिजे. बाजूचे नग खुंट्याच्या उंचीच्या खाली राहिले पाहिजेत. मधला ढीग थोडा फुगीर चालतो, कडेचा चालत नाही. वाकडा नग मध्ये घेऊन दाबायचा, त्याची कुबड बाहेर काढायची नाही. साल सुटलेला ओला नग सर्वांत घातक, कारण साल आणि लाकूड यांच्यामध्ये चिकट ओल असते आणि दाब आला की आतलं लाकूड सालीतून सटकतं. असा नग वरच्या थरात कधी ठेवू नये. मग साखळी. साखळी आवळली म्हणजे झालं असं नाही. गाडी निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरांत माल दबतो, खोबणीत उतरतो आणि घट्ट साखळी ढिली पडते. तिथे थांबून ती पुन्हा आवळायची. हे न करणारा ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी मी त्याच्या गाडीच्या मागे माझी गाडी ठेवणार नाही.

चालवताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. लाकडाचा भार उंच असतो, त्यामुळे वळणावर गाडी वळते पण माल सरळ जाऊ बघतो. आणि जोराचा ब्रेक मारला तर वरचा थर पुढे सरकतो, आणि पुढे असते केबिन. केबिनच्या मागे लोखंडी गार्ड असतो, पण टनावारी लाकूड सुटलं तर त्याचा किती आधार? म्हणून उतारावर आधीच खालचा गियर टाकून इंजिनवर गाडी धरायची, ब्रेक शक्यतो हात राखून वापरायचा. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं. ते अंतर बघून मोटारसायकलवाले मध्ये घुसतात. त्या पोरांना मला कळकळीने सांगायचं आहे : ती मोकळी जागा तुमच्यासाठी सोडलेली नसते.

बल्लारशाला पोहोचल्यावर धोका संपत नाही. वाटेत माल सरकलेला असतो आणि एखादा नग खुंट्यावर पूर्ण भार टाकून टेकलेला असतो. साखळी सोडली की तो तिथेच थांबेल याची हमी नाही. साखळी सोडणारा नेहमी दुसऱ्या बाजूला उभा राहिला पाहिजे आणि आधी गाडीला पूर्ण फेरी मारून कुठला खुंटा वाकलाय ते बघितलं पाहिजे. मी नव्या क्लिनरला पहिल्या दिवशी स्टेअरिंग दाखवत नाही, ही फेरी दाखवतो.

ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट आता. लाकडाची मापं घनमीटरमध्ये होतात आणि रस्त्याचा कायदा टनात चालतो. या दोन मापांमधली दरी ड्रायव्हरला भरून काढावी लागते.

आमची दहा चाकी गाडी, म्हणजे तीन आसांची. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांवरच्या भाराची मर्यादा वाढवली. तेव्हापासून अशा गाडीला मालासकट साडेअठ्ठावीस टनांपर्यंत मुभा आहे. आधी ती पंचवीस टन होती. रिकामी गाडी नऊ-दहा टनांची. म्हणजे माल अठरा-एकोणीस टन. आता ओल्या सागाचा एक घनमीटर टनाच्या आसपास भरतो. तोच साग चांगला वाळला की साडेसहाशे-सातशे किलोवर येतो. म्हणजे नोव्हेंबरात पाडलेलं आणि लगेच उचललेलं लाकूड, आणि उन्हाळाभर डेपोत तापलेलं लाकूड, यांचं माप एकच पण वजन दीडपट वेगळं. कागदावर दोन्ही गाड्या सारख्याच. कमानपट्ट्यांना मात्र फरक कळतो. भरताना पट्टे किती बसले हे बघून जुना ड्रायव्हर वजनाचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज वजनकाट्यावर फार चुकत नाही.

यात आणखी एक गाठ आहे. लाकडाच्या बाजारात गोल नगाचं माप चौथाई गोलाईच्या जुन्या हिशेबाने काढतात : नगाच्या मध्यावरची गोलाई घ्यायची, तिचा चौथा भाग करायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. करवतून चौकोनी लाकूड काढताना कडेचं जे वाया जाईल ते यात आधीच वजा होतं, म्हणून खरेदीदाराला हा हिशेब सोयीचा. पण गाडीवर जो नग चढतो तो गोल असतो, कडेसकट असतो. गणित केलं तर प्रत्यक्षातलं लाकूड कागदापेक्षा सत्तावीस टक्क्यांनी जास्त निघतं. अठरा घनमीटरचा परवाना हातात घेऊन, नियमात आहोत असं समजून निघालेल्या गाडीवर खरं लाकूड तेवीस घनमीटरच्या जवळ असतं, आणि माल ओला असेल तर तितकेच टन.

चार टन जास्त. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार. म्हणजे अठ्ठावीस हजार. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही, असाही नियम आहे. दुसऱ्या कुठल्या मालाचं ठीक आहे, दहा पोती उतरवून ठेवली. लाकडाचे चार नग काट्याजवळ उतरवले की परवान्यावरची नगसंख्या आणि गाडीवरची नगसंख्या जुळत नाही, आणि तो वन कायद्याखालचा गुन्हा ठरू शकतो. रस्त्याचा कायदा म्हणतो उतरव, जंगलाचा कायदा म्हणतो हात लावू नको. मध्ये उभा असतो तो माणूस, ज्याने ना माप घेतलं ना परवाना लिहिला. भाडं घनमीटरवर ठरलेलं, म्हणून गाडीमालकाला कमी भरणं परवडत नाही, आणि मालकाला नाही म्हणणारा ड्रायव्हर पुढच्या हंगामात घरी बसतो.

हा परवाना, आमच्या भाषेत टीपी, गाडीपेक्षा मौल्यवान असतो. त्यावर गाडीचा नंबर, नगांची संख्या, प्रत्येकाची लांबी-गोलाई, कुठून कुठे, कुठल्या रस्त्याने आणि कधीपर्यंत, सगळं असतं. प्रत्येक नगाच्या तोंडावर नंबर आणि हातोड्याची निशाणी. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्याखाली विनापरवाना मालासोबत गाडीही जप्त होते. एक टायर फुटला, पाटा तुटला, मेकॅनिक यायला रात्र गेली की मुदत टळते, आणि मग मालाआधी कागदाची दुरुस्ती करायला जवळचं वन कार्यालय शोधत फिरावं लागतं. सूर्य मावळल्यावर जंगलातून लाकूड हलवायचं नाही हा जुना दंडक. तो योग्यच आहे, चोरटी वाहतूक अंधारातच होते. पण भरणी चारला संपली आणि कागद सहाला हाती आला तर मुक्काम तिथेच, गाडीखाली अंथरूण टाकून. २०२३ च्या अखेरीस देशभरासाठी ऑनलाइन परवान्याची प्रणाली आली. शेतातल्या आणि खासगी लाकडाला त्याचा फायदा होईल. भामरागडच्या बाजूला मात्र कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंजच मिळत नाही.

परवान्याच्या कागदाने माणसाचं मोल कसं बदलतं, हे आमच्याच जिल्ह्याने दाखवलं. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढाच्या ग्रामसभेला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते. त्याआधी गावाला जंगलावर हक्क होता, पण बांबू गावाबाहेर न्यायचा कागद दुसऱ्याच्या हाती. ज्याच्या हाती तो कागद, त्याच्या हाती माल, हे आम्हा गाडीवाल्यांना आधीपासून ठाऊक होतं.

रस्त्याबद्दल थोडक्यात. आलापल्ली, आष्टी, वैनगंगेचा पूल, गोंडपिपरी, बल्लारशा. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण सूरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक वाढल्यापासून त्या अंतराला काही अर्थ उरला नाही. खड्डा चुकवताना खनिजाच्या गाडीला झटका बसतो, आमच्या गाडीवरचा थर हलतो. त्या सूरजागडला डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी सत्तरहून जास्त गाड्या जाळल्या. त्यातल्या कितीतरी गाड्या कर्जाच्या होत्या. लाकडाचे डेपोही त्यांनी वेळोवेळी पेटवले. आता परिस्थिती पुष्कळ निवळली आहे आणि आमच्या बायका रात्री थोड्या निवांत झोपतात. रानटी हत्ती २०२१ मध्ये छत्तीसगडकडून जिल्ह्यात आले ते राहिलेच, त्यामुळे काही पट्ट्यांत संध्याकाळी थांबायचं नाही. आणि ऊन. चंद्रपूर-बल्लारशाचा मे महिना सत्तेचाळीस अंशांना टेकतो, इंजिनच्या शेजारी बसलेल्याला त्याहून जास्त. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या जुन्या गाड्यांतल्या माणसांना ती मिळायला एक पिढी जाईल.

२९ मार्च २०२३ रोजी बल्लारशात काष्ठपूजन झालं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी वन विकास महामंडळाच्या डेपोतून साग निघाला, मिरवणूक निघाली, सजवलेल्या ट्रकांवर फुलं पडली. दिल्लीच्या नव्या संसदेतही नागपूरकडून गेलेला साग आहे. त्या दिवशी बल्लारशात लोक लाकडाच्या गाडीकडे हात जोडून बघत होते, आणि मला त्याचा अभिमान वाटला. एरवी आमची गाडी दिसली की लोकांच्या मनात पहिला शब्द येतो तो 'तस्कर'. महामंडळ १९७४ पासून आहे, तोड आराखड्याप्रमाणे होते, लिलाव उघड होतो. हे सगळं माहीत असलेला माणूससुद्धा चहाच्या टपरीवर गाडीकडे बोट दाखवून जंगल संपल्याची हळहळ आम्हालाच ऐकवतो. उलट जंगलाची आग सर्वांत आधी आम्हाला दिसते. फेब्रुवारी ते जूनमध्ये रस्त्याकडेच्या पाचोळ्याला धूर दिसला तर गाडी थांबवून वनरक्षकाला फोन करणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. जंगल टिकलं तर त्यांच्या पोरांचीही गाडी चालेल.

वजनाच्या त्या दरीबद्दल माझी मागणी छोटी आहे. परवान्यावर घनमीटरच्या शेजारी वजनाचा रकाना असावा, आणि तो अंदाजाने न भरता काट्यावरून भरला जावा. मोठ्या डेपोच्या फाटकातच काटा असला तर जादा नग तिथल्या तिथे उतरवता येतो, आणि कागद नंतर लिहिला की नगसंख्येचा वांधाच उरत नाही. भाडं घनमीटरऐवजी टनावर ठरवावं, म्हणजे ओलं लाकूड भरायची घाई मालकालाही राहणार नाही. भरणी संपल्यावर ड्रायव्हरने फेरी मारून सही केल्याशिवाय गाडी सुटू नये, आणि त्याने सही नाकारली तर त्या दिवसाची मजुरी त्याला मिळावी. शेवटची अट सर्वांत अवघड, हे मला कळतं. पण तिच्याशिवाय बाकीच्या सगळ्या कागदावरच राहतील, कारण ज्याला नाही म्हणायचं आहे त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटायला हवी.