गुद्दे आणि गल्ला

16 नोव्हेंबर 2024, शनिवार. दुपारी निवडणुकीच्या कामाचे प्रशिक्षण होते, म्हणून सकाळ मोकळी सापडली होती. आम्ही दोघे, म्हणजे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात गेली अठरा वर्षे शेजारीशेजारी बसणारे सर आणि मॅडम, मॅडमच्या घरी त्यांच्या भाच्याच्या परवलीच्या शब्दावर नेटफ्लिक्स उघडून बसलो. टेक्सासमधल्या आर्लिंग्टन येथे, तिकडच्या शुक्रवारी रात्री, माइक टायसन आणि जेक पॉल यांचे मुष्टियुद्ध होते. टायसन 58 वर्षांचा, पॉल 27 वर्षांचा. आधीच्या एका लढतीत आपल्याकडचा नीरज गोयत जिंकला. त्याच्यासाठी टाळ्या वाजवून आम्ही चहा ठेवला. मुख्य सामना सुरू झाला आणि पडद्यावर ते गोल फिरणारे चक्र अवतरले. मध्येच चित्र दिसे, मध्येच गोठे. दिसले तेवढ्यात टायसन दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या कसाबसा पार पाडत होता आणि हातातला मोजा चावत होता. तो हरला. हरणारच होता.

सामना संपल्यावर आम्ही भांडलो. विषय जुनाच होता: आजवर सर्वाधिक प्रेक्षक खेचले कोणी?

मराठीच्या प्राध्यापकांनी या विषयावर भांडावे याचे नवल वाटेल. पण त्याच आठवड्यात आमच्या टेबलावर एक तक्ता येऊन पडला होता. मागील पाच वर्षांत 'मराठी विशेष' हा विषय किती विद्यार्थ्यांनी घेतला, वर्षनिहाय, शिक्षकनिहाय. 'शिक्षकनिहाय' या शब्दाचा अर्थ आम्हाला नीट कळला होता. कोणाच्या नावावर किती गर्दी होते, हे ज्यांना सांगायचे असते त्यांना मुष्टियुद्धाच्या धंद्याविषयी जिव्हाळा वाटू लागतो.

या धंद्यातले माप म्हणजे पे-पर-व्ह्यू. नेहमीच्या केबलच्या वर्गणीव्यतिरिक्त त्या एका रात्रीचे वेगळे पैसे भरायचे, मग चित्र घरात येणार. अमेरिकेतील अशा खरेद्यांचा आकडा हेच योद्ध्याच्या ताकदीचे प्रमाणपत्र. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ, लास व्हेगास, 2 मे 2015: 46 लाख खरेद्या, 40 कोटी डॉलरांहून अधिक गल्ला. मेवेदर आणि कॉनर मॅकग्रेगर, ऑगस्ट 2017: 43 लाख. मेवेदर आणि ऑस्कर डे ला होया, मे 2007: 24 लाख. यांच्यापुढे टायसनचा सर्वांत मोठा आकडा, जून 1997 मधल्या होलिफील्डविरुद्धच्या दुसऱ्या लढतीचा, 20 लाखांच्या किंचित आत आहे. मॅडम मेवेदरपक्षीय. त्यांचे म्हणणे एवढेच, की आकडे समोर आहेत, वाद कशाचा?

सर टायसनपक्षीय. ते बारावीत असताना टायसनने होलिफील्डच्या कानाचा तुकडा तोडला. सोमवारच्या वर्तमानपत्रात छायाचित्र आले आणि रसायनशास्त्राच्या वहीच्या आतल्या बाजूला चिकटवले गेले. तेव्हा त्यांचे उत्तर भावनेचे असणार हे आम्ही दोघेही धरून चाललो होतो. परंतु त्यांनी काढलेला मुद्दा भावनेचा नव्हता.

पॅकियाओशी लढून चार महिने झाल्यावर, सप्टेंबर 2015 मध्ये, मेवेदर आंद्रे बेर्तोशी लढला. मेवेदर तोच, वर्ष तेच, सरावही तोच. खरेद्यांचा आकडा चार ते साडेपाच लाखांच्या दरम्यान सांगितला जातो. म्हणजे मे महिन्यातले चाळीस लाख लोक कोणासाठी आले होते? उलट टायसन तुरुंगातून सुटून ऑगस्ट 1995 मध्ये पीटर मॅकनीली नावाच्या योद्ध्यासमोर उभा राहिला, ज्याचे नाव बॉस्टनबाहेर फारसे कोणी घेत नसे. सामना 89 सेकंदांत आटोपला. खरेद्या 15 लाखांवर. तेव्हा अशी सोय असलेली घरेही पुष्कळ कमी होती. प्रतिस्पर्धी वजा केल्यावर जे उरते ती ताकद, असे माप लावले तर पारडे सरळ फिरते.

बाकी, प्रतिस्पर्धी वजा करता येतो का, हाही प्रश्नच आहे. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी झाले. 'संयुक्त मानापमाना'च्या त्या रात्रीचा गल्ला कोणाच्या खात्यावर मांडायचा? दोन कंपन्यांचे दोन तळपते नट एकाच रंगमंचावर कधी येणार, या वर्षानुवर्षांच्या कुजबुजीला लोकांनी तिकीट काढले होते. मेवेदर आणि पॅकियाओ यांचेही तसेच झाले. ती लढत 2009 पासून ठरत होती आणि मोडत होती. सहा वर्षे ताणलेल्या उत्कंठेची किंमत 100 डॉलरच्या आसपास पडली. प्रत्यक्षात सामना पंचांच्या गुणांवर सपक निकाली निघाला. पॅकियाओच्या खांद्याला आधीच दुखापत होती हे नंतर बाहेर आले, तेव्हा प्रेक्षक न्यायालयात गेले: आम्हाला फसवले, पैसे परत द्या. रसभंगाबद्दल दावा! आमच्या काव्यशास्त्राच्या अध्यापनात याहून चांगले उदाहरण आम्हाला मिळालेले नाही. 2019 मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने सांगितले की तुम्ही सामना पाहण्याचे पैसे भरलेत, तो तुम्हाला दिसला. रस उत्पन्न होईल अशी हमी कोणी दिली नव्हती.

पैशांचेही तसेच. 1997 मध्ये टायसनच्या लढतीला 49.95 डॉलर मोजावे लागत. महागाई धरली तर 2015 च्या भावाने ते सुमारे 75 होतात. त्यामुळे 10 कोटी डॉलरांच्या जुन्या गल्ल्याशी 40 कोटींचा नवा गल्ला थेट तोलता येत नाही. आणि आकडे येतात ते आयोजकांकडून आणि वाहिन्यांकडून, म्हणजे विकणाऱ्यांच्याच तोंडून. आवृत्त्यांचेही आपल्याकडे असेच नाही का? दहावी आवृत्ती म्हणताना आवृत्ती हजाराची की पाचशेची, हे मुखपृष्ठावर कुठे असते? हरिभाऊंच्या 'करमणूक'चा एक अंक वाड्यात किती जणांनी ऐकला, हे वर्गणीदारांच्या यादीतून कसे कळणार?

इथपर्यंत वाद खेळीमेळीचा होता. पुढे मॅडमनी जे विचारले त्याने तो थांबला. 1995 मध्ये त्या 15 लाख घरांनी नेमके काय विकत घेतले? टायसन तीन वर्षे तुरुंगात होता तो 1992 मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला म्हणून. मॅकनीली कोणालाच नको होता. सुटून आलेला तो माणूस पाहायचा होता. एवढी वर्षे 'टायसनची एकट्याची खेच' म्हणून सर जो आकडा सांगत आले, त्यात हे कुतूहल किती टक्के? सरांनी चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात नेले. हा मुद्दा मॅडमनाच काढावा लागला, याची त्यांना लाज वाटली, असे त्यांनी दोन दिवसांनी सांगितले.

मेवेदरपक्षही काही स्वच्छ नव्हे. घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात तोही 2012 मध्ये दोन महिने आत होता. शिवाय 'प्रिटी बॉय' हे नाव टाकून 'मनी' हे नाव त्याने मिरवले, नोटांच्या थप्प्या दाखवल्या, तेव्हा लोक त्याला हरताना पाहण्यासाठी पैसे भरू लागले. ही युक्ती त्याची नव्हे. 1961 साली कोवळ्या कॅशियस क्लेने लास व्हेगासमध्ये गॉर्जस जॉर्ज नावाचा कुस्तीगीर पाहिला. तो स्वतःच्या सौंदर्याची फुशारकी मारी, आणि त्याचे थोबाड फुटलेले पाहावे म्हणून सभागृह भरून जाई. क्लेने ते ध्यानात ठेवले. पुढे तो मुहम्मद अली झाला.

अली या तक्त्यात बसतच नाही. त्याच्या काळी मोठ्या लढतींचे चित्र सहसा घरात येत नसे. क्लोज्ड सर्किट म्हणून जी व्यवस्था होती तिच्यात चित्रपटगृहांत, सभागृहांत मोठा पडदा लावून तिकिटे विकत. 8 मार्च 1971 रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो जो फ्रेझरशी लढला आणि हरला. आत 20,455 माणसे होती, दोघांना प्रत्येकी 25 लाख डॉलर मिळाले. बाहेर देशोदेशीचे पडदे. त्या प्रेक्षकांना पे-पर-व्ह्यूच्या हिशेबात कोणते घर द्यायचे?

मॅडमचे वडील एस.टी.त वाहक होते. तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून त्यांनी अलीचे वर्तमानपत्रातले चित्र चिकटवलेले होते; कडा तेलकट होऊन ते पारदर्शक झाले होते. 1980 च्या जानेवारीत अली दिल्लीत आला, कौर सिंगशी प्रदर्शनीय लढत खेळला, त्याची बातमीही त्यांनी कापून ठेवली होती. अलीचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. त्याच्यापायी त्यांनी एक पैसा खर्च केला असेल तर तो वर्तमानपत्राचा, आणि तेही आगारात फुकट वाचायला मिळे. रात्री वेबिल जुळवताना ते एक वाक्य नेहमी म्हणत, "बाळा, तिकिटं मोजून गाडीतली माणसं कळत नाहीत." पासवाले, पोलीस, मांडीवरची पोरे, टपावर चढलेला एखादा. गाडी मात्र सगळ्यांना घेऊन घाट चढायची. अण्णांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. पेटी मॅडमकडे आहे. त्या दिवशी त्यांनी ती काढून आणली आणि टीपॉयवर ठेवली.

मग बोलणे निघाले ते वेगळेच. 1975 च्या ऑक्टोबरात मनिलाला अली आणि फ्रेझर तिसऱ्यांदा लढले, अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी तिथल्या भर सकाळी, उकाड्यात. एचबीओ या तेव्हाच्या लहानशा वाहिनीने तो सामना उपग्रहावरून आपल्या वर्गणीदारांना दाखवला. महिन्याची वर्गणी भरली की झाले. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षे एकेका रात्रीचा दर लावण्याची पद्धत बळावली. 2018 च्या अखेरीस एचबीओने मुष्टियुद्ध सोडले, 2023 च्या अखेरीस शोटाइमने. आणि 2024 मध्ये टायसन पुन्हा महिन्याच्या वर्गणीतच दिसला. सप्टेंबर 2025 मध्ये कानेलो अल्वारेझ आणि टेरेन्स क्रॉफर्ड यांची लढतही नेटफ्लिक्सने तशीच दाखवली. जगात 10.8 कोटी लोकांनी टायसन आणि पॉल यांना थेट पाहिले असा कंपनीचा अंदाज आहे. एका क्षणी 6.5 कोटी ठिकाणी चित्र चालू होते म्हणतात. (किंवा चक्र फिरत होते.) हा आकडा 46 लाखांशेजारी मांडून कोणी टायसनला विजयी ठरवील, तर आता सरांनाही ते मान्य नाही. भाच्याच्या परवलीच्या शब्दावर बसलेले आम्ही दोघे त्यात दोन धरले गेलो, एक, की शून्य?

सोमवारी आम्ही तक्ता भरून दिला. आकडे लहान होते. 'शेरा' या रकान्यात लिहिले की शुक्रवारच्या काव्यशास्त्राच्या तासाला वाणिज्य शाखेची तीन मुले नाव न नोंदवता मागच्या बाकावर येऊन बसतात. आठवड्याने तक्ता परत आला. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवावा, असे सांगण्यात आले. आम्ही तो कोरा ठेवला. त्या तिघांतले दोघे वर्षअखेरपर्यंत येत राहिले; तिसऱ्याच्या गावाकडे जाणाऱ्या एस.टी.ची वेळ बदलली.