कडेची माणसं

मोठा फोटो वेबपानावरच्या छोट्या चौकटीत बसवायचा म्हणजे कुणाला तरी बाहेर ठेवणं आलंच. सीएसएसमध्ये 'ऑब्जेक्ट-फिट: कव्हर' लिहिलं की फोटो ताणला जात नाही, चौकट भरते आणि उरलेलं कापलं जातं. काय ठेवायचं हे आपण सांगितलं नाही, तर ब्राउझर मधला भाग ठेवून मोकळा होतो.

आता आमच्या घरच्या मुंजीचा ग्रुप फोटो घ्या. १९७२ सालचा. स्कॅन केला तो ३००० बाय २००० पिक्सेलचा. मोबाईलवरच्या ३६० रुंद, ४८० उंच चौकटीत तो ७२० रुंदीचा होतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी १८०-१८० गेले, निम्मा फोटो बाहेर! मधे खुर्चीत बसलेले आजोबा अगदी सुरक्षित. उजव्या टोकाला मात्र काकू उभी आहे. पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून तशीच आलेली, लगेच परत पळायचं म्हणून कडेला. पंगत वाढायची होती ना! जाते ती नेमकी तीच.

यावर इलाज 'ऑब्जेक्ट-पोझिशन'चा. यातल्या टक्क्यांची एक गंमत आहे. आडवे ७५ टक्के लिहिले म्हणजे फोटोतली ती जागा चौकटीच्या मधोमध येत नाही, चौकटीच्याही ७५ टक्क्यांवर येते. १०० लिहिले की फोटोचा उजवा काठ चौकटीच्या उजव्या काठाला भिडतो.

१०० लिहिले. काकू आली, पण आजोबा अर्धे झाले! 'कव्हर'ऐवजी 'कंटेन' लिहून पाहिलं. सगळे मावले, पण चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे, आणि वर-खाली रिकाम्या पट्ट्या.

मग विचार केला. आजोबांचे फोटो आपल्यापैकी प्रत्येकाच्या भिंतीवर आहेत. काकूचा हा एवढा एकच. जन्मभर ती फोटोत कडेलाच राहिली, आणि अर्ध्या फोटोंत तर नाहीच, कारण तेव्हा ती आत चुलीपाशी होती.

मोबाईलवर १०० टक्केच ठेवले आहेत. झाकलेला भाग कुठे जात नाही म्हणा, फाईल अख्खीच उतरते, फक्त चौकटीआड राहते. फोटोवर बोट टेकवलं की पूर्ण उघडेल, अशी सोय केली आहे. तेव्हा घरच्या मंडळींनो, आजोबा अर्धे का, असं विचारायला फोन करण्याआधी जरा उजवीकडे बघा.