कळल्यावर काय करायचं?

बोट्स्वानाची राजधानी गॅबोरोने. तिथल्या कगाले टेकडीच्या पायथ्याशी म्मा रामोत्स्वे नावाची एक बाई गुप्तहेराचं कार्यालय थाटते, तेही वडिलांनी मागे ठेवलेली गुरं विकून. सामान म्हणाल तर छोटी पांढरी व्हॅन, दोन टेबलं, दोन खुर्च्या, टेलिफोन, जुना टाइपरायटर, चहाची किटली आणि तीन मग. एक आपल्याला, एक सेक्रेटरीला आणि तिसरा येणाऱ्या अशिलाला. म्मा रामोत्स्वेच्या धंद्याचं सगळं मर्म मला त्या तिसऱ्या मगात दिसतं. समोरचा माणूस आधी पाहुणा, त्याची केस नंतर.

अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांची तिच्यावरची पहिली कादंबरी ‘द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी’ १९९८ मध्ये आली आणि मालिका आता विसाच्या कितीतरी पुढे गेली आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर पोसलेल्या वाचकाला पहिली काही पानं वाटत राहतं, आता खून पडेल. इथे खून क्वचितच पडतो. एका बाईच्या घरी अचानक एक म्हातारा येतो, मी तुझा बाप म्हणतो आणि ऐषारामात राहू लागतो. म्मा रामोत्स्वे नर्सचा वेश करून त्याला गाठते. मुलीला अपघात झालाय, तुमचं रक्त हवंय, पण इतकं लागेल की तुमच्याच जिवावर बेतेल, असं सांगते. म्हातारा गडबडतो आणि कबूल करतो, मी तिचा बाप नाही. ना ठशांची तपासणी, ना पाठलाग. बाप काय करील, एवढं एकच तिला पक्कं ठाऊक असतं.

पण मला या पुस्तकांकडे पुन्हापुन्हा ओढून नेतं ते रहस्य उलगडल्यावर सुरू होणारं प्रकरण. दुसऱ्या पुस्तकात एका खाटकाला बायकोचा संशय येतो. संशय खरा निघतो आणि वर कळतं की मुलगाही त्याचा नाही. मुलाच्या चांगल्या शाळेची फी खरा बाप भरतोय. आता? अशिलाने पैसे मोजलेत ते सत्यासाठी, पण ते सांगितलं तर काही दोष नसलेल्या पोराचं भविष्य पणाला लागतं. म्मा रामोत्स्वे आणि तिची सेक्रेटरी म्मा माकुत्सी यावर बोलत बसतात, अगदी मन लावून. इतर बहुतेक रहस्यकथांत गुन्हेगाराचं नाव कळलं की दिवे मालवतात. माणसं मात्र त्यापुढेच जगत असतात.

हे सगळं फार गोड आहे, खरी आफ्रिका अशी नाही, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. ही पुस्तकं आली त्या काळात एचआयव्हीचा विळखा सर्वाधिक घट्ट असलेल्या देशांत बोट्स्वाना होता. लेखक त्या रोगाचं नाव सहसा घेत नाही, पण म्मा पोतोक्वानीच्या अनाथाश्रमात मुलं का वाढताहेत, हे न सांगता कळतं. पहिल्याच पुस्तकात एक अख्खं प्रकरण नायिकेचे वडील, ओबेड, स्वतःच्या तोंडाने सांगतात. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत घालवलेली वर्षं, धुळीने गेलेली छाती, त्या कमाईतून जमवलेली गुरं. एजन्सी उभी आहे ती या पैशावर. नायिकेचं स्वतःचं पहिलं लग्न मारझोडीचं, मूलही जगलं नाही. एवढं सोसून एखादी बाई माणसांशी मऊ वागायचं ठरवत असेल, तर त्या मऊपणाला मी भाबडेपणा म्हणणार नाही.

आणि मालिका लांबत जाते तसं आणखी एक सुख मिळतं. क्लोव्हिस अँडरसन नावाच्या अमेरिकन लेखकाचं हेरगिरीवरचं मार्गदर्शक पुस्तक म्मा रामोत्स्वे पहिल्यापासून वेदवाक्यासारखं मानत आली आहे. तेराव्या पुस्तकात, २०१२ साली, तो माणूस प्रत्यक्ष तिच्या कार्यालयात येतो आणि निघतो पत्नीच्या निधनाने खचलेला, अगदी साधा गृहस्थ. तिचा हिरमोड होईल या भीतीने मी जीव मुठीत धरून वाचत होतो. तिच्या मनातला आदर तसूभरही हलत नाही. मला झालेला आनंद नुसतं तेरावं पुस्तक हाती घेणाऱ्याला मिळायचा नाही. त्यासाठी आधीची बारा पुस्तकं त्या बाईच्या सोबतीने काढावी लागतात.